ओल कुठे आली आहे

लालबागच्या मावशीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर, दर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक चट्टा उमटायचा. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. काका पेन्सिलीने त्याची कड आखत आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख लिहीत. पुढच्या पावसाळ्यात ओल त्या रेषेच्या बाहेर गेली की घरमालकाला दाखवायला त्यांच्याकडे पुरावा असायचा. दिवाळीला रंग काढला तरी पेन्सिलीच्या रेषा रंगाखालून पुसटशा दिसत राहायच्या. सुट्टीत मी तिथे राहायला जायचे तेव्हा रात्री गादीवर पडल्या पडल्या त्या रेषा वाचायचे. जून ९६, जुलै ९८, पुन्हा जून.

आज मी ज्या कामावर पोट भरते ते काम जवळजवळ हेच आहे. माणसाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांची कड आखायची, प्रत्येक चट्ट्याचं आकारमान काढायचं, आणि वर्षभराने त्याच माणसाचा नवा स्कॅन आला की जुन्या रेषेवर ठेवून बघायचं. किती वाढला, किती आक्रसला, नवा कुठे उमटला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारावरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी ही मोजणी लागते. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. मावशीला हाच आजार आहे. म्हणून तू या कामात आलीस का, असं लोक विचारतात. हो, म्हणूनच आले.

मावशी पालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. १९९९ च्या डिसेंबरात, ती २९ वर्षांची असताना, तिचा डावा डोळा दुखू लागला. डोळा नुसता फिरवला तरी आतून कळ यायची. मग रंग विटले. आरशासमोर उभी राहून ती एकेक डोळा झाकून बघायची. उजव्या डोळ्याला कुंकू लाल दिसायचं, डाव्याला विटकरी. डोळ्याच्या मागची नस सुजली की लाल रंग असा फिका पडतो, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचलं. तेव्हा घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं. पाच-सहा आठवड्यांत नजर जवळपास पूर्ववत झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. दुपारनंतर तिला इतका थकवा यायचा की शाळेतून आली की चप्पल न काढता ती पाटावर बसून राहायची. पायांना मुंग्या यायच्या. वह्या तपासायला मान खाली घातली की मानेतून थेट कमरेपर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. तिने हे एका डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, रक्त तपासलं, आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाले, मूलबाळ नाही ना, मन खातं, कशात तरी रमवा त्यांना. मावशीने हे दाराआडून ऐकलं. आजाराने तिला दिलेल्या सगळ्या त्रासात हे वाक्य तिला सर्वांत जास्त लागलं, हे तिने मला दोनदा सांगितलं आहे, आणि ती एरवी एक गोष्ट दोनदा सांगत नाही.

२००२ मध्ये उजव्या हातातून खडू निसटायला लागला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. रिपोर्ट आला. डोळा, मान, पाय, हात यांचे वेगवेगळे वाटणारे सगळे धागे एका फिल्मवर एकत्र दिसले. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांना चिकटून, त्यांच्यापासून बाहेर बोटांसारखे निघालेले पांढरे चट्टे. ही बोटं जेम्स डॉसन या स्कॉटिश विकृतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये, मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वर्णन केली होती. रेडिओलॉजीत आजही त्यांना डॉसनची बोटंच म्हणतात. मावशी तेव्हा रडली नाही. ती म्हणाली, "म्हणजे मला खरंच काहीतरी झालं होतं."

हे वाक्य मी माझ्या कामाच्या टेबलावर लिहून ठेवलेलं नाही, पण रोज आठवते.

या आजाराला वेगळं नाव देऊन त्याची नीट ओळख करून दिली ती झाँ-मार्तँ शार्को यांनी, १८६८ साली, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. त्यांनीही हे चट्टे पाहिले ते रुग्ण गेल्यावरच. पुढची शंभराहून जास्त वर्षं तसंच चाललं: जिवंतपणी तक्रारी, मेल्यावर पुरावा. सीटी स्कॅन आल्यावर थोडं दिसू लागलं. मग १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने एमएसच्या १० रुग्णांचे मेंदू त्या काळच्या नव्या चुंबकीय यंत्रात पाहिले. सीटीवर त्या दहाजणांत मिळून १९ चट्टे दिसले होते. नव्या यंत्राने ते तर दाखवलेच, शिवाय आणखी ११२ दाखवले. तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ११२ चट्टे दिसले नाहीत. तोपर्यंत कुणीही विश्वास न ठेवलेल्या ११२ तक्रारी दिसल्या. शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर नाही, कारण पुष्कळ चट्टे काहीच तक्रार न करता येतात. ते मी पुढे सांगतेच.

चट्टा पांढरा का दिसतो, याचं उत्तर मला लालबागच्या भिंतीने सोपं केलं. एमआरआय मुळात पाणी पाहतो. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संदेश तो टिपतो. मेंदूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं. ते शाबूत असतं तिथे मोकळ्या पाण्याला जागा कमी. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था या आवरणावर चाल करून जाते. तिथे सूज येते, आवरण झडतं, पाणी साठतं. म्हणजे आपण स्क्रीनवर पाहतो ती ओल. फ्लेअर नावाच्या पद्धतीत मेंदूभोवतीच्या द्रवाचा उजेड मुद्दाम दाबलेला असतो, त्यामुळे भिंतीतली ओल तेवढी उठून दिसते.

पण ओल कशाची, हे भिंत सांगत नाही. वरच्या मजल्याची मोरी गळते आहे, की गच्चीला चीर गेली आहे, की पाच वर्षांपूर्वीची गळती थांबूनही प्लास्टर कायमचं भुसभुशीत झालं आहे? बाहेरून तिन्ही चट्टे एकसारखे. मेंदूतही तसंच. नुसती सूज, झडलेलं आवरण आणि कायमचे तुटलेले तंतू, हे सगळं फ्लेअरवर पांढरंच. त्यासाठी मग गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यातला अडसर जिथे या घडीला फुटलेला असतो तिथेच ते झिरपतं आणि चट्टा उजळतो. आत्ता गळतंय, एवढं ते सांगतं. तीन-चार आठवड्यांत बहुतेक चट्ट्यांचं हे उजळणं थांबतं. अलीकडच्या जास्त ताकदीच्या यंत्रांवर चट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ दिसू शकते. ती शीर. ओलीच्या मधून पाइप गेलेला दिसला की गळती कुठली हे ओळखणं सोपं जातं, तसंच हे. मायग्रेनमुळे किंवा रक्तदाबामुळे येणारे चट्टे आणि एमएसचे चट्टे यांत फरक करायला ती शीर मदत करते, आणि एमएसचं निदान ज्यांवरून करतात त्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तिला जागा मिळाली आहे. काही जुन्या चट्ट्यांना लोहाची काळी किनार असते. तिथे दाह वरवर विझूनही कडेने धुमसत असतो. किनारच आखणारी मी, त्यामुळे अशा चट्ट्यापाशी माझा हात जरा रेंगाळतो.

हा आजार आपल्याकडे होतच नाही, गोऱ्यांचा आजार आहे, असं मावशीच्या निदानाच्या वेळी बरेचजण म्हणाले. खरं तर मुंबईतच डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. भाटिया यांनी १९९० मध्ये पारशी समाजात एमएसचं प्रमाण बरंच असल्याचं दाखवून दिलं होतं. भारतात एकूण प्रमाण युरोपच्या मानाने कमी आहे, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्या लोकसंख्येत कमी प्रमाणसुद्धा फार माणसं होतात. एमआरआयची यंत्रं वाढली तशी ती माणसं दिसू लागली.

आता आगगाडीतली गोष्ट.

२०११ ची, पावसाळा संपता संपता. मावशीचा दुसरा एमआरआय करून आम्ही घाटकोपरहून धीम्या लोकलने करी रोडला निघालो होतो. अपंगांसाठी राखीव डब्यात चढलो. मावशीच्या हातात काठी नव्हती, चालताना डावा पाय किंचित ओढला जायचा एवढंच. बसल्यावर तर तेही दिसत नव्हतं. समोर कुबड्या घेऊन बसलेल्या एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला काय झालंय? चांगल्या तर दिसताय." त्या बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या डब्यात रोज धडधाकट माणसं घुसतात आणि ज्यांचा हक्क आहे त्यांना उभं राहावं लागतं. मी काहीतरी तोडून बोलणार होते. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठ्या पिवळ्या पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीला धरली.

सायन गेलं होतं. फिल्मवर जिथे काळं असतं तिथून उजेड येत नाही आणि जिथे पांढरं असतं तिथे फिल्म पारदर्शक असते. त्यामुळे मेंदूच्या कापांच्या त्या चौकटींमध्ये मेंदू करडा अंधुक, आणि चट्ट्यांच्या जागा मात्र स्वच्छ उघड्या. त्यांतून बाहेरचं आभाळ, तारा, एखादी इमारत सरकत जाताना दिसत होती. "हे बघा," मावशी म्हणाली, "हे एवढे आहेत." त्या बाईंनी कुबड्या बाजूला ठेवून, वाकून, एकेक चौकट पाहिली. नंतर म्हणाल्या, "माझं तर सगळ्यांना दिसतं. तुमचं असं दाखवायला लागतं." दादरपर्यंत दोघी बोलत बसल्या, डाळींचे भाव आणि घाटकोपरच्या पुलाच्या पायऱ्या.

तेव्हाच्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या यादीत एमएसचं नाव नव्हतं. दिव्यांग हक्कांचा नवा कायदा २०१६ मध्ये आला, यादी ७ प्रकारांवरून २१ वर गेली आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आलं. मावशीने तो कागद मला वाचायला लावला. शब्द नीट उच्चारलास ना, असं विचारलं.

माझ्याकडे येणारे स्कॅन बिनचेहऱ्याचे असतात. एमआरआयच्या पातळ कापांवरून माणसाचा चेहरा ओळखू येईल इतका पुन्हा उभा करता येतो, म्हणून पाठवण्याआधीच सॉफ्टवेअरने नाक, डोळ्यांच्या खोबण्यांपुढचा भाग, हनुवटी कापून टाकलेली असते. नावाच्या जागी एक क्रमांक. वय कधी असतं, कधी नसतं. मी एक काप उघडते, उजेड-अंधार जुळवते, आणि माउसने कडेकडेने जाते. संगणकाने आधी एक रेषा सुचवलेली असते. तिच्यात दुरुस्ती करणं हे माझं काम. काही कडा सुरीने कापल्यासारख्या असतात, काही मात्र दुधात पाणी मिसळावं तशा हळूहळू विरतात. विरणाऱ्या कडेवर रेषा कुठे घालायची यावर माझं आणि शेजारच्या सहकाऱ्याचं एकमत होईलच असं नाही. म्हणून तोच स्कॅन काही आठवड्यांनी मला नकळत पुन्हा दिला जातो, आणि माझीच रेषा माझ्या जुन्या रेषेशी ताडून पाहिली जाते. या कामात मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं. मोजणाऱ्याचंही माप घेतलं जातं.

चट्ट्यांहून अवघड मोजणी मेंदूच्या आकारमानाची. निरोगी प्रौढ माणसाचा मेंदूही वयाबरोबर वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के घटतो. एमएसमध्ये, औषध नसताना, ही घट सरासरीने अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडी वर असते. मेंदू साधारण १२०० मिलिलिटरचा धरला तर अर्धा टक्का म्हणजे ६ मिलिलिटर. मी एकदा घरी चहाच्या चमच्याने पाणी मोजून वाटीत ओतलं. एक चमचा आणि वर थोडे थेंब. एका वर्षात एवढं. वाटीच्या तळाशी ते नीट पसरतही नाही. आणि दहा वर्षांत पाव पेला. ती वाटी मी ओट्यावर तशीच ठेवली होती, रात्री कुणीतरी विसळून टाकली.

एवढा बारीक फरक पकडायला ऑक्सफर्डच्या गटाने २००० च्या आसपास सिएना नावाची पद्धत बनवली. एकाच माणसाचे दोन स्कॅन एकमेकांवर बसवून मेंदूची कड किती आत सरकली हे ती मोजते. तिची स्वतःची चूक ०.२ टक्क्यांच्या आसपास राहते, हे फार कौतुकाचं आहे. पण ज्याला अर्धा टक्का शोधायचा आहे त्याच्या मोजपट्टीतच ०.२ चा हलता काटा. त्यात यंत्र बदललं, नवं सॉफ्टवेअर चढवलं, डोकं थोडं तिरपं ठेवलं, तर फरक याहून मोठा पडतो. आणि पाणी! सोळा-एक तास माणूस पाण्याविना राहिला तर मेंदूचं आकारमान साधारण अर्ध्या टक्क्याने कमी भरतं, असं २००५ मध्ये एका अभ्यासात दिसलं. पाणी प्यायलं की परत येतं. म्हणजे आजाराने वर्षभरात केलेलं नुकसान आणि एका दिवसाची तहान, पट्टीवर सारखीच दिसू शकतात.

हे वाचलं त्याच वर्षी मावशीचा स्कॅन नेमका हरतालिकेच्या संध्याकाळी ठरला होता. ती हरतालिका निर्जळी करते. आजी करायची, आई करते, मावशीही करते. डॉक्टरांनी सांगून झालं, काकांनी सांगून झालं, ती ऐकत नाही. मी फोन करून तारीख अनंत चतुर्दशीच्या पलीकडे ढकलली. मावशी म्हणाली, एवढं काय त्यात? मी म्हटलं, तुझा उपास आजार म्हणून लिहिला जाईल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "असं कुणाकुणाचं लिहिलं गेलं असेल गं?" मला उत्तर देता आलं नाही. उलटंही होतं: जोरदार औषध सुरू झालं की सूज उतरते, पाणी निघून जातं, आणि पहिल्या वर्षी मेंदू आकसल्यासारखा दिसतो. माणूस सुधारत असतो आणि आकडा घसरत असतो.

मग मोजायचं कशाला, असं मला एका मैत्रिणीने तळमळून विचारलं होतं. तिच्या भावाला एमएस आहे. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला संख्याशास्त्रात सापडतं. २००९ मध्ये मारिया पिया सोर्मानी या इटालियन संख्याशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ औषधचाचण्या एकत्र तपासल्या, साडेसहा हजारांहून जास्त रुग्ण. औषधाने एमआरआयवरचे नवे चट्टे जेवढे रोखले, त्यावरून त्याने झटके, म्हणजे आजार नव्याने उफाळून येण्याच्या वेळा, किती रोखले हे चांगलं सांगता येत होतं; चाचण्या-चाचण्यांमधल्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग त्यातून उलगडत होता. वर, नवे चट्टे झटक्यांच्या पाच ते दहा पट वेळा येतात. त्यामुळे औषध चालतं की नाही हे कळायला हजारो माणसांना वर्षानुवर्षं झटक्यांची वाट पाहत ठेवावं लागत नाही. थोड्या माणसांत, थोड्या महिन्यांत, चट्टे मोजून कळतं. १९९३ मध्ये एमएसचं पहिलं इंटरफेरॉन मंजूर झालं त्यामागे झटक्यांच्या आकड्यांइतकाच आधार एमआरआयच्या मोजणीचा होता. मावशी त्याच जातीचं औषध पुष्कळ वर्षं मांडीत टोचून घेत आली. कुणीतरी कुठेतरी बसून कडा आखल्या होत्या म्हणून ती सुई लालबागपर्यंत पोचली. यावर माझी निष्ठा आहे.

पण हे सगळं समूहाचं खरं. एका माणसापाशी आलं की तोच आकडा थबकतो. माझ्यासमोर असे स्कॅन आले आहेत ज्यांत चट्टे इतके की मोजताना दुपार सरते, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की हा माणूस विनाआधार चालतो, नोकरी करतो. आणि असेही आले आहेत की मेंदूत चार चट्टे, आणि माणूस चाकाच्या खुर्चीत. नेदरलँड्सच्या फ्रेडरिक बार्कॉफ यांच्यासारख्या रेडिओलॉजिस्टांनी या विसंगतीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कारणं बरीच सापडली आहेत. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले चट्टे नेहमीच्या एमआरआयला जवळपास दिसतच नाहीत. मेंदू वळसा घालून दुसरी वाट शोधतो. आणि जागा. पाठीच्या कण्यात करंगळीएवढ्या जाडीत सगळ्या वाटा एकत्र जातात. तिथे एक मुगाच्या दाण्याएवढा चट्टाही पाय बंद करू शकतो. देव्हाऱ्याच्या वर ताटाएवढी ओल आली तरी घर चालतं. मीटरच्या पेटीत बशीएवढी आली की अंधार.

या कारणासाठी मी गेल्या मे महिन्यात इंची टेप घेऊन लालबागला गेले. २५ फूट चालायला किती सेकंद लागतात, ही एमएसमधली जुनी आणि साधी चाचणी आहे. यंत्र नाही, फिल्म नाही. चाळीची गॅलरी जिन्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत ३४ फूट भरली. चपलांची रॅक, तुळशीचा डबा आणि शेजारच्या काकूंचं वाळत घातलेलं बाजूला सारून मी खडूने दोन रेघा मारल्या. मावशी शिक्षिकेच्या नजरेने रेघ बघून म्हणाली, वाकडी आहे, पुसून पुन्हा काढ. काढली.

सकाळी साडेसातला, ७.४ सेकंद. पुन्हा एकदा, ७.६. दुपारी तीन वाजता, गॅलरीचे पत्रे तापलेले असताना, ९.८. मधल्या काळात नवा चट्टा आलेला नव्हता, झटका नव्हता, काहीही नव्हतं. फक्त मे महिना. शरीर तापलं की आवरण झडलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० मध्ये, चालून तापल्यावर नजर अंधूक होणारे रुग्ण पाहून, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. दोन मोजण्यांत २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो खरा बदल मानतात. मावशीचा तीसच्या वर गेला होता, आणि तो सकाळ-दुपारचा होता. तिची तपासणी गेली वीस वर्षं बहुतेक सकाळीच होत आली आहे, कारण ओपीडी सकाळी असते. तिची दुपार कुठल्याच कागदावर नाही.

तेव्हापासून आकडे तीच लिहिते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली. काका मोबाइलवर वेळ लावतात. तिच्या इंग्रजी साताच्या आकड्यांची डोकी एकसारखी झुकलेली असतात, एका रेषेत. ऑक्टोबरातले आकडे मेपेक्षा वाईट आहेत, हे तिनेच मला दाखवलं. मी फक्त मे म्हणत बसले होते.

परवा गेले तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. मी घड्याळ घेऊन जिन्याच्या टोकाला उभी राहिले. मावशी रेघेवर आली, थांबली, परत आत गेली. बाहेर आली ती डाव्या हातात पाण्याची कळशी घेऊन, अर्धी भरलेली.

"मावशी, रिकाम्या हाताने चालायचं असतं. सगळीकडे तसंच मोजतात."

"दिवसभर रिकाम्या हाताने कोण चालतं गं?" ती म्हणाली. "तू वेळ लाव."

मी वेळ लावली. ती भिंतीच्या बाजूने निघाली, डावा पाय ओढत, कळशी कमरेला न टेकवता. मध्ये तुळशीपाशी किंचित थांबली. पाणी सांडलं नाही. ११.९ सेकंद. तिने कळशी खाली ठेवली, ओला हात पदराला पुसला, आणि आत जाऊन तारखेच्या चौकोनात आकडा लिहिला. शेजारी जागा उरली नव्हती, म्हणून खालच्या रविवारच्या घरात बाण काढून लिहिलं, "कळशीसकट."